मोटरीत पाणी कधी भरायचं

पाण्याखाली चालणाऱ्या रोबोटचं प्रशिक्षण मला नाशिकमधल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर मिळालं. त्या चार दिवसांत पाणी म्हणून जे काही पाहिलं, ते टेबलावरच्या सीलबंद बाटल्यांत. पण माझी तक्रार नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर झालेलं नाही, आणि हॉटेलात बसून तर कुणीच काही शिकलेलं नाही. पडद्यावर जे दिसेल ते मी वहीत उतरवून घेतलं. शिकवणाऱ्यांनी मधूनमधून केलेले विनोदसुद्धा उतरवले. महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय, हे तेव्हा कळत नव्हतं.

आमची शाळा शहराच्या हद्दीवर आहे. अर्धी मुलं नव्या वसाहतींतली, अर्धी पिंपळगावच्या बाजूच्या खेड्यांतून एसटीने येणारी. एका कंपनीच्या मदतीतून नववीच्या वर्गासाठी ही योजना आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे आपापल्या वह्या तपासू लागले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सर्वांत नवा होतो.

मुख्याध्यापिका मॅडमनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही फिजिक्सचे ना? पोहता येतं?"

"नाही मॅडम."

"मग बरं. म्हणजे पाण्यात उतरायचा मोह होणार नाही."

प्रशिक्षणाहून परत आलो त्या रात्री मी गावी, देवळ्याला, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांचा कांदा तेव्हा लावणीला आला होता, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे विहिरीतली मोटर काढायला शिकवणार का पोरांना?"

"नाही अण्णा. रोबोट. पाण्याखाली जातो, फिरतो, वस्तू उचलून आणतो."

"मोटर नसती का त्यात?"

"असते. पण वेगळी."

"असंल," अण्णा म्हणाले. ते असं म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण मी हॉटेलात शिकून आलेलो होतो.

पंधरा दिवसांनी खोकी आली. प्लास्टिकचे पाइप, जोड, बारा व्होल्टच्या छोट्या मोटरी, पंखे, तारा, बटणांच्या डब्या, मेण, आणि एक इंग्रजी पुस्तिका. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर लाल चौकट होती: मोटरीत पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये. प्रत्येक मोटर एका प्लास्टिकच्या डबीत ठेवायची, भोवती वितळलेलं मेण ओतायचं, झाकण लावायचं. ही चौकट मी मराठीत करून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिली आणि खाली लिहिलं, 'पुसू नये'.

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की कंपनीने पाठवलेल्या पाइपांना जागोजागी भोकं आहेत. माल सदोष आहे, पण फुकट मिळालेल्या मालाबद्दल काय बोलायचं, असा विचार करून मी ती सगळी भोकं मुलांकडून एमसील लावून बुजवून घेतली. मुलांनी फार मन लावून काम केलं. एकही भोक सुटलं नाही. पुस्तिकेत भोकांबद्दल एक पान होतं, पण ते पुढे होतं, आणि मी पुस्तिका क्रमाने वाचत होतो.

पहिल्या तासाला मी विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांचं महामार्गालगत मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटरी काढणं, आतल्या जळलेल्या तारेचं वाइंडिंग करून पुन्हा सोडणं, हा त्यांचा धंदा. पाण्यात बुडून चालणाऱ्या त्या मोटरीवरून मुलं तिला 'समर्सिबल' म्हणायची, आणि ती हाकेला ओसुद्धा द्यायची.

"सर, मोटरीत पाणी कधी भरायचं?"

मी हसलो. वर्गातलं आणखी कुणीच हसलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. उलट खेड्यांतून येणारी पाच-सहा मुलं उत्तराची वाट बघत वह्या उघडून बसली होती.

"पाणी भरायचं नसतं. पाणी जाऊच द्यायचं नसतं. वर बघ, काय लिहिलंय?"

"पण सर, पाण्यातली मोटर कोरडी सोडली तर जळते ना. पप्पा आधी बूच काढून पाणी भरतात. बुडबुडे थांबले की मगच खाली सोडतात."

"तो पंप. हा रोबोट," मी म्हणालो. हे उत्तर मला इतकं आवडलं की मी तेही फळ्यावर लिहिलं.

तिचे वडील डिसेंबरच्या पालकसभेला आले, तेव्हा हाताला ग्रीसचा वास होता आणि बोलायला एकच मुद्दा होता. पोरीला अकरावीला सायन्सला घालायची की आर्ट्सला. घरात सगळे आर्ट्स म्हणत होते, तिच्या काकांच्या मुली तिकडेच गेल्या होत्या. ती सायन्स म्हणत होती. सायन्सला घालायची तर दहावीच्या आधी सुट्टीतला क्लास लावावा लागणार, नाशिकला रोजचं जाणं-येणं आलं. म्हणजे मार्चपर्यंत ठरायला हवं होतं.

"तुम्ही सांगा सर," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं. पोरीचं डोकं त्या बाजूचं हाय का नाय, ते आम्हाला काय कळणार."

हा प्रश्न कसा विचारला जातो, ते मला चांगलं ठाऊक होतं. देवळ्याच्या शाळेत माझ्या सरांना अण्णांनी याच शब्दांत विचारला होता, आणि सर "सायन्स" म्हणाले होते. त्या एका शब्दावर मी इथवर आलो. त्यामुळे मी मान डोलवून, आवाज शक्य तितका जड करून म्हणालो, "बघतो. रोबोटच्या तासांत कळेलच मला."

मुलगी वडिलांच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आता ही रोबोटच्या तासाला श्वाससुद्धा विचारून घेईल असं मला वाटलं.

प्रत्यक्षात तिने काहीच विचारलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. जानेवारीत एका दुपारी मी वर्गात आलो तर तिने तिच्या गटाची मोटर डबीत ठेवली होती, मेणाऐवजी डबीला सुईने दोन छिद्रं पाडली होती आणि ती बादलीत बुडवून बुडबुडे मोजत बसली होती. शेजारची दोघं तिला मदत म्हणून मोठ्याने आकडे म्हणत होती.

"हे काय चाललंय?"

"सर, हवा काढतेय."

मी मोटर बाहेर काढली, झटकली आणि खिडकीत उन्हात ठेवली. तिला फार बोललो नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणालो की, विज्ञानात आधी सूचना वाचायच्या असतात, आणि ज्याला सूचना पाळता येत नाहीत त्याने दुसरी बाजू धरलेली बरी. दुसरी बाजू म्हणजे कुठली, ते तिला बरोबर कळलं. मग मी तिच्या हातातलं मोटरीचं काम काढून घेतलं आणि तिला तक्ता लिहायला बसवलं. विषय दिला, 'पाण्यापासून मोटरचे संरक्षण'. मजकूर मी सांगितला, तिने तो सुंदर अक्षरात लिहिला. तिचं अक्षर चांगलं आहे, असा शेरा मी मनात नोंदवला आणि आर्ट्सच्या बाजूला टाकला.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक ठरलं. कंपनीच्या योजनेच्या ताई येऊन तिन्ही गटांचे रोबोट तपासणार होत्या. त्यासाठी पाणी हवं होतं. शाळेमागे सिमेंटचा जुना हौद आहे. त्यात कित्येक वर्षं मोडके बाक ठेवलेले होते. मुलांनी ते काढले, हौद घासला, नळाचं पाणी सोडलं. आदल्या दिवशी सकाळी आम्ही रंगीत तालीम घेतली.

पहिला रोबोट पाण्यात सोडला. तो तरंगला. दुसरा सोडला, तोही तरंगला. तिसऱ्याला मी काठीने खाली दाबलं, काठी काढताच तो उसळून वर आला आणि शांतपणे फिरत राहिला, रामकुंडावरच्या निर्माल्यासारखा. शिवाय दोन मोटरी फिरतच नव्हत्या. मेण मी जरा जास्तच गरम ओतलं होतं, ते आत जाऊन गोठलं होतं. पाण्याचा थेंब मात्र एकाही मोटरीत गेला नव्हता.

मुलं हौदाच्या कडेला ओळीने उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, पाण्यावरचा रोबोट असं नाव देऊ."

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मैदानाच्या टोकाला जाऊन अण्णांना फोन केला. का केला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. हॉटेलात शिकवणाऱ्यांचे नंबर माझ्याकडे होते. पण त्यांच्यापैकी कुणी पाण्यात काही सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"पाइपांची भोकं बुजवली?" अण्णा म्हणाले. "का?"

"पाणी जाऊ नये म्हणून."

"मग ते बुडंल कसं? आत हवा कोंडून ठेवलीस अन् म्हणतो बुडत नाय."

प्लावक बलाच्या प्रश्नाला मला बी.एस्सी.ला पैकीच्या पैकी गुण होते.

"अन् मोटरीत पाणी भरलं का?"

"अण्णा, ही मोटर तशी नाही."

"तू लहान होता तेव्हा तांब्या धरून तूच पाणी ओतायचा मोटरीत. तुला चांगलं ठाऊक हाय. सगळं शिकला अन् तेवढं विसरला व्हय?"

मला ते खरंच आठवलं. विहिरीच्या कडेला आडवी ठेवलेली लांब मोटर, बुचाचं बारीक तोंड, आणि 'सांडू नको' असं म्हणणारे अण्णा. शाळेत चांगले गुण पडायला लागल्यावर त्यांनीच माझ्या हातातून तांब्या काढून घेतला होता, की तू अभ्यास कर.

वर्गात परत आलो आणि त्या मुलीला बाजूला बोलावलं. "तुमच्या गटाचा रोबोट तुला हवा तसा कर."

तिने माझ्याकडे, मग फळ्यावरच्या चौकटीकडे पाहिलं. "मोटरीत पाणी?"

"हो."

"अन् भोकं?"

"तीही उघड."

"तिन्ही रोबोटची का सर?"

इथे मी धाडसी झालो असतो तर ही हकिगत जरा बरी दिसली असती. पण मी म्हणालो, "फक्त तुमचाच. बाकीचे दोन पुस्तिकेप्रमाणे राहू दे. मेण गेलेल्या मोटरी तेवढ्या बदलू." पुस्तिकेतल्या भोकांच्या पानापर्यंत मी अजून पोचलो नव्हतो. पुस्तिका बरोबर निघाली तर दोन रोबोट माझे, आणि मुलगी बरोबर निघाली तर एक. याला मी तेव्हा शास्त्रीय दृष्टी म्हणत होतो.

ताई वेळेवर आल्या. सोबत मोठा कॅमेरा होता आणि गुणांचा छापील तक्ता होता. मुख्याध्यापिका मॅडम हौदाजवळ छत्री धरून उभ्या राहिल्या.

पहिले दोन रोबोट पाण्यावर झकास फिरले. पुढे गेले, मागे आले, एकमेकांना धडकले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पिवळ्या पाइपांवर ऊन चमकत होतं आणि ताईंना फोटो फार छान मिळाले. ते पाण्याखाली का जात नाहीत, असं त्यांनी विचारलं नाही.

मग तिने तिचा सोडला. थोडा वेळ पाइपांच्या भोकांतून बुडबुडे आले, ते थांबले, आणि रोबोट सरळ खाली गेला.

"अगंबाई, बुडाला!" मॅडम म्हणाल्या. "दोरी बांधली होती का?"

"मॅडम, तो बुडायचाच असतो," मी म्हणालो.

हौद जुना, घासूनही तळाची माती सुटून पाणी गढूळ झालेलं. वरून काहीच दिसत नव्हतं. मुलगी काठावर मांडी घालून बसली होती, मांडीवर बटणांची डबी, आणि तारेकडे बघून अंदाजाने बटणं दाबत होती. तळाशी स्टीलची एक कडी टाकलेली होती, ती रोबोटच्या पुढच्या हुकाने उचलून आणायची होती. आम्ही सगळे एका रिकाम्या हौदाकडे बघावं तसे बघत होतो.

"फोटोत काहीच येत नाहीये," ताई म्हणाल्या. "जरा वर आणता येईल का?"

"ताई, थांबा ना दोन मिनिटं. सापडतेय," मुलगी वर न बघता म्हणाली.

मॅडमनी चहाचं विचारलं. ताई कार्यालयाकडे वळल्या. त्या कोपऱ्यावर पोचल्या असतील तेव्हा पाण्यातून तिचा रोबोट वर आला, हुकाला कडी लटकलेली. मुलं ओरडली, "समर्सिबल! समर्सिबल!" ताई परत आल्या, पण तोवर तिने कडी काढून हातात घेतली होती. ताईंनी हातातल्या कडीचा एक फोटो घेतला.

गुणांच्या तक्त्यात एक रकाना होता: मोटर योग्य प्रकारे सील केलेली आहे का. ताईंनी डबी उलटी केली, त्यातून पाणी गळलं. त्या रकान्यात शून्य पडलं. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन गटांना पहिला आणि दुसरा क्रमांक मिळाला. तिच्या गटालाही बक्षीस मिळालंच, उत्कृष्ट तक्त्याचं. 'पाण्यापासून मोटरचे संरक्षण' हा तक्ता ताईंनी सोबत नेला, इतर शाळांना दाखवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी तिच्या वडिलांच्या दुकानात गेलो. मार्च लागायला थोडेच दिवस होते, आणि मला शब्द द्यायचा होता. दुकानासमोर एक लांबलचक मोटर आडवी पडली होती. ते उकिडवे बसून तिचं बूच काढत होते. मुलगी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. मला बघून ती एकदम ताठ झाली.

"या सर. खुर्चीला ग्रीस हाय, बघून बसा."

मी उभाच राहिलो. "सायन्सबद्दल बोलायला आलो होतो. मी विचार केला. तिला सायन्सलाच घाला."

ते उठले नाहीत. "ते झालं सर. पण माझा विचार जरा बदलाय लागलाय."

मुलीच्या हातातली कळशी किंचित कलली.

"म्हणजे?"

"म्हंजे असं की, ती घरी येऊन सांगायची, सर मोटर कोरडी सोडायला सांगतात. भोकं बुजवायला लावतात. मी म्हटलं, असंल काहीतरी, शिकलेली माणसं हायेत. मग काल कळलं, खरंच तरंगले तुमचे दोन." ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "आता सांगा, ज्या सायन्समध्ये हे शिकवतात, तिथं पोरगी घालून काय करू? रोजचं नाशिकला जाणं-येणं करून ती काय भोकं बुजवायला शिकंल?"

"पप्पा," मुलगी म्हणाली, "माझा तर बुडाला ना."

"तू गप. तुझं बी चुकलंच. आण ती मोटर इकडं."

तिने दप्तरातून कालची छोटी मोटर काढून दिली. त्यांनी ती कानाशी धरून पंखा बोटाने फिरवला, मग ती माझ्या कानाशी धरून पुन्हा फिरवला. खरखर ऐकू आली.

"ऐका. ही कार्बनवाली. आत ब्रश असतात. हिच्यात पाणी भरायचं नसतं, तेवढं तुमच्या पुस्तकातलं बरोबर. काल चालली, आठ दिवसांत गंजून बसंल. ही खालची मोठी मोटर वेगळी, हिच्या तारेला प्लास्टिक असतं, हिला पाणीच गार ठेवतं. सगळ्याच मोटरींना एकच नियम लावती ही. माझ्या पोटची, अन् एवढं कळंना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण का, ते तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, हिला अर्धं माहीत होतं. एवढाच फरक."

मुलीचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत. पण त्या क्षणी मला माझं म्हणणं सापडलं, आणि हॉटेलातल्या कुठल्याही वहीत ते नव्हतं.

"तेच तर," मी म्हणालो. "अर्धं तिला तुमच्याकडे मिळालं. कुठल्या मोटरीत पाणी का भरायचं आणि कुठल्या मोटरीत का नाही, ते उरलेलं अर्धं अकरावी-बारावीला आहे. वीज, चुंबक, पाण्याचा दाब, सगळं. मी शिकलोय ते. मला पैकीच्या पैकी गुण होते. पण माझ्याकडे तिच्याजवळचं अर्धं उरलं नव्हतं, म्हणून माझं तरंगलं. तिच्याकडे दोन्ही होईल."

ते बराच वेळ बुचाचे आटे फडक्याने पुसत राहिले. महामार्गावरून कांद्याचे टेम्पो एकामागून एक जात होते. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, वडिलांच्या हाताकडे बघत होती.

"एक विचारू सर? राग नका मानू."

"विचारा ना."

"अकरावीला तुम्ही असणार का शिकवायला?"

"नाही. तिथे कॉलेजचे वेगळे प्राध्यापक असतात."

"नक्की?"

"नक्की."

"मग जमलं," ते म्हणाले आणि मुलीला मान हलवून खूण केली. "क्लासला नाव घाल सोमवारी."

तिने कळशी वाकवली. बुचाच्या तोंडातून बुडबुडे येऊ लागले. मी त्यांचे आभार मानले, आणि ते अगदी मनापासून मानले.